खिशातला आकडा

कोपरीतला तो चावीवाला शर्टाच्या खिशात कुलूप उघडायचा एकच आकडा बाळगतो, छत्रीची काडी घासून केलेला. "बाकीची हत्यारं दुकानात. पोलिसाने हटकलं, तर ह्याने कान कोरतो म्हणता येतं," जिना चढताना मला म्हणाला.

माझं लॅचचं दार बंद झालेलं आणि आत गॅसवर डाळ. पण आकडा लावण्याआधी तो थांबला. "ताई, शेजाऱ्यांना बोलवा. घर तुमचंच आहे असं कुणीतरी सांगू दे."

मी दारोदार बेल वाजवली. शेजारी बाहेर आले आणि माझ्याकडे बघत राहिले. वर्षभर मी तिथे राहत होते. शेवटी कचरेवाल्या मावशी आल्या. "ह्यांचंच आहे. रोज डबा बाहेर ठेवतात ना."

लॅच चुटकीसरशी उघडलं. डाळ मात्र करपली होती.