ओट्याजवळचं स्टूल

निरोप आला तेव्हा मी मुलुंडच्या शाळेत वर्गावर होतो. घाटकोपरच्या खोलीत पोचलो, तर दादा येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होता, "नळावरून आली, हंडा स्टुलावर ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसली... उठलीच नाय." हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. वहिनीला जाऊन महिना झाला. माझ्या मनातून ते स्टूल जात नाही.

कणकवलीकडच्या गावातून मी शिकायला आलो तो याच खोलीत. आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तो वहिनीमुळे. माझा अभ्यास मोडू नये म्हणून ती भांडी बाहेर गॅलरीत नेऊन घासायची.

चार वर्षांपूर्वी तिच्या डाव्या नाकपुडीतून रक्त येऊ लागलं. आम्ही उष्णता म्हणून सोडून दिलं, कांदा हुंगवला, सब्जा पाजला. फिरकी लागत असेल म्हणून तिने चमकी काढून ठेवली. तरी रक्त थांबेना, नाक चोंदलं, तेव्हा कुठे आम्ही तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कपाळावरचा आरसा डोळ्यावर ओढला आणि मलाही आत बघायला सांगितलं. मधल्या पडद्यावर करवंदाएवढं काहीतरी लालभडक, ओलसर लोंबत होतं.

"गाठ आहे. रक्तवाहिन्यांची, बहुधा साधी," डॉक्टर म्हणाले. "नुसता तुकडा काढायला गेलो तर रक्त आवरणार नाही. मुळासकट काढू, मग तपासायला पाठवू."

ते 'साधी' म्हणाले होते. आम्ही 'गाठ' तेवढं ऐकलं. मी विज्ञानाचा पदवीधर, मीही तेवढंच ऐकलं.

नाक बधिर करून त्यांनी गाठ काढली, बूड जाळलं, नाकात औषधाच्या पट्ट्या ठासून भरल्या. पट्ट्या निघाल्या तरी रिपोर्ट यायचा होता. त्या दिवसांत आमचं घर ओळखू येत नव्हतं. कधी बादलीला हात न लावलेला दादा पहाटे नळावर रांगेत उभा राहू लागला. मी भांडी घासली. तिला बसून भाजी चिरता यावी म्हणून दादाने लाकडी स्टूल आणून ओट्याजवळ ठेवलं. "तू बस गो," तो सारखा म्हणायचा.

एका दुपारी तिने मला गाठलं. "माका काय झालाहा, ता खरा सांग."

"काही नाही गं वहिनी. साधी गाठ."

"मगे तुजे दादा पाणी कित्याक भरतत?"

मी मान खाली घालून भांडी विसळत राहिलो.

रिपोर्ट चांगला आला. कर्करोग नव्हता. पुन्हा रक्त आलं तर दाखवा, एवढंच डॉक्टर म्हणाले. आम्ही चाळीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला तेव्हा दादा झोपून होता, मी जागा असून उठलो नाही. वहिनीने हंडा उचलला. दारातून वळून हसत म्हणाली, "दुखणा बरा होता रे मेल्या, चार दिस बसाक तरी मिळाला!" पांघरुणातून दादा हसला. मीही हसलो... त्याच आठवड्यात हंडा त्या स्टुलावर जाऊन बसला, आणि त्याची ती जागा चार वर्षं बदलली नाही.

तेराव्यानंतर मी तो खाली उतरवला. लाकडावर काळा गोल डाग पडला आहे. आता पाणी दादाच भरतो आणि हंडा जमिनीवर ठेवतो. परवा रविवारी तो नळावरून धापा टाकत आला. मी स्टूल पुढे सरकवलं, म्हटलं, "दादा, बस जरा."

त्याने स्टुलाकडे पाहिलं आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. थोड्या वेळाने मीही त्याच्या शेजारी खालीच बसलो.