वहिनीचं नाव कुठेच घातलं नाही

हे लिहायचा मला अधिकार नाही. बाळंतपण बायकांचं, मी वीस वर्षांचा, बिनलग्नाचा, आणि वाडीतल्या तुम्हा मोठ्यांसमोर कधी तोंड उघडून बोललेलो नाही. आधीच माफ करा. नाही केलंत तरी शेवटपर्यंत वाचा. माझ्यासारखे जे गाव सोडून मुंबईत कुणाच्या तरी खोलीत राहतायत, त्यांनीही वाचावं.

मी निघालो त्या सकाळी एसटीच्या खिडकीशी उभी राहून आई एवढंच म्हणाली, “काकीच्या शब्दाभायर जाव नको.” आपल्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. काळाचौकीला काकीने खोलीत जागा दिली, हे उपकार मोठे होते. मी आईचा शब्द पाळला. आज मला त्याचीच चीड येते.

खोलीत काकी, तिचा मुलगा म्हणजे माझा दादा, आणि सायलीवहिनी. परळची मोठी हॉस्पिटलं तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. गावाहून कुणालाही परळला दाखवायला आणलं की ते आमच्याच खोलीत उतरतात. तुमच्यापैकी किती जण मोरीशेजारी चटई टाकून झोपून गेलात, आठवा.

वहिनीला दिवस गेले तेव्हा चाळीतल्या बाया विचारायच्या, “नाव घातलंस का?” म्हणजे बाळंतपणासाठी हॉस्पिटलात नोंदणी केलीस का. नाव घातलं की कार्ड मिळतं, रक्त, प्रेशर वेळच्या वेळी तपासतात. काकीचं उत्तर तयार असायचं. “पहिली खेप माहेरची. हिकडे नाव घालून त्या कार्डाची काय पूजा करायचीय?” दादा टॉवरवर सिक्युरिटीत. बारा तासांची ड्युटी करून यायचा आणि म्हणायचा, “आई काय म्हणते बघ.” वहिनीने एकटीने जायचं तर अख्खी सकाळ रांगेत, आणि नळाला पाणी सकाळीच.

सहाव्या महिन्यात तिने मला विचारलं, “भावजी, फॉर्म भरायला याल? तुम्ही शिकलेले, तुम्हाला काय ते कळेल.” माझं कॉलेज दुपारचं होतं. तरी मी म्हणालो, “काकीला विचारतो.”

आणि खरंच विचारलं.

“दीर भावजयीला घेऊन पोटुशींच्या रांगेत?” काकी म्हणाली. “उद्या दुपटी पण तूच धू. आधी पास हो.” शेजारच्या खोलीतलेही हसले. मीही हसलो. ते हसणं मला अजून गिळता येत नाही.

मग वहिनी माझ्या चपला घालून पाण्याला जायला लागली. कॉलेजला निघताना त्या ओल्या असायच्या, मला राग यायचा. तिच्या चपलांत तिचे पाय मावत नव्हते, हे मला दिसत होतं. “पहिलटकरणीचे पाय सुजतातच,” काकी म्हणायची. सातव्यात ओटी भरली. हिरवी साडी, फोटो, आणि तिला गावच्या गाडीत बसवलं. तुमची आजारी माणसं ज्या रस्त्याने इथे येतात, त्याच रस्त्याने आम्ही तिला उलटी पाठवली. बॅग मीच उचलली.

तुम्ही विचारता, सुट्टीत घरी कधी येतोस? कुठल्या घरी? आधी घर म्हणजे आपलं अंगण वाटायचं, मग काकीची खोली. आता दोन्हीकडे तोंड वळवावंसं वाटत नाही. दोन्हीकडे बाईच्या जिवाआधी कुणाला तरी विचारावं लागतं.

शेवटचा पेपर देऊन दादरला बसस्टॉपवर उभा होतो तेव्हा आईचा फोन आला. परीक्षा होती म्हणून बारा दिवस मला कुणी, खोलीतल्या काकीनेही, काही सांगितलं नव्हतं. वहिनीला माहेरी भर दुपारी फिट आली. सासरच्यांना न विचारता न्यायची कशी, म्हणून तिच्या घरची माणसं काकीचा फोन लागायची वाट बघत अंगणात उभी होती. आई तिला बघायला गेलेली. तिने रस्त्यावरची रिक्षा थांबवली, वहिनीला आत घातलं आणि तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला. तिथे पहिला प्रश्न आला, नाव कुठे घातलंय? दाखवायला एक कागद नव्हता. मूल गेलं. वहिनी वाचली.

मी आईला विचारलं, न्यायच्या आधी काकी काय म्हणाली?

“माका म्हायत नाय,” आई म्हणाली. “मी कोणाक इचारूक थांबलंय नाय.”