हातचा कुठून येतो

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. यवतमाळला ट्रेनिंग संपवून मी मारेगावजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेवर रुजू झाले. गणित नुसतं पाठ करून घ्यायचं नाही, मुलांना आधी वस्तू हाताळू द्यायच्या, असं आम्हाला नव्यानं शिकवलं होतं. मी मुलांकडून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या, बारीक काड्या गोळा करून घेतल्या. दहा काड्यांचा गठ्ठा म्हणजे एक दशक, उरलेल्या सुट्या. वर्गभर नुसता पसारा! मला तो फार आवडायचा.

गावाला आवडत नव्हता. "नवी बाई पोरायले काड्या खेळवते," असं विहिरीवर बोललं जाई, आणि ते माझ्या कानावर येईल अशा बेतानंच बोललं जाई.

एकदा दुसरीतली शिंप्याची मुलगी शाळेत येईना. मी तिच्या घरी गेले. तिचे अब्बा ओसरीवर मशीन चालवत होते. मला पाहून त्यांनी खाट पुढे सरकवली. मुलगी दाराआड उभी होती, डोळे सुजलेले.

"नाराज नका होऊ बाई," ते म्हणाले, "पन् पोरगी येत होतं तेही विसरून राह्यली. पाहा."

पाटीवर बावन्नातून सत्तावीस वजा केले होते. उत्तर पंधरा.

"पाचाचे चार कायले केले, विचारलं, तं म्हन्ते बाईनं सांगतलं. मी म्हनलं, खाली हातचा मिळव. मंग रडाले लागली."

माझ्या लक्षात आलं. शाळेत सांगितलं तसं तिनं वरचा एक दशक कमी केला होता, आणि अब्बांच्या धाकानं जुन्या रीतीनं खालीही एक वाढवला होता. दोघांचं ऐकायला गेली आणि दोन्हीकडून चुकली.

मी तिला काड्या आणायला सांगितल्या. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या अब्बांच्या पुढ्यात ठेवल्या. "यातल्या सत्तावीस मला द्या, भाऊ."

त्यांनी दोन सुट्या दिल्या आणि थांबले. मग एक गठ्ठा उचलून सुतळी सोडली. त्यातल्या पाच दिल्या, दोन गठ्ठे दिले, आणि उरलेल्या काड्यांकडे बघत बसले. पंचवीस.

"म्हंजे हातचा हा आहे?" ते हळूच म्हणाले. "मास्तर म्हनत, हातचा एक. कुठून आला, कधी नाही सांगतलं. म्या विचारलं तं छडी मारली." मग एकदम हसले आणि आत हाक मारली, "अवो, इकडं या! हातचा पाहा!"

तिची अम्मी पदराला हात पुसत बाहेर आली. तिनंही गठ्ठा सोडून पाहिला. दाराआडची पोर केव्हा येऊन अब्बांना टेकून बसली, कुणाला कळलं नाही.

"बाई, साऱ्याच मायबापायले एकडाव बोलवा," ते म्हणाले.

कापसाची वेचणी आटोपल्यावर एका रविवारी बोलावलं. चारदोघं येतील असं वाटलं होतं, पण वर्ग भरला. बाया मुलांच्या जागी दाटीवाटीनं बसल्या. मी तेव्हा विशीतली. शिंपीभाऊंनी गठ्ठे बांधायला रंगीत चिंध्या आणल्या होत्या आणि तेच सगळ्यांना वाटत फिरत होते.

मागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "अन् आमचे पाव-अर्ध्याचे पाढे, पावकी-निमकी? ते बुडवता का?"

"नाही बाबा," मी म्हणाले. "पण मलाच दीडकीच्या पुढे नीट येत नाही. शनिवारी तुम्हीच येऊन मुलांकडून म्हणून घ्याल का?"

ते आले. सकाळच्या शाळेत कोवळं ऊन वर्गात यायचं आणि बाबा डोळे मिटून म्हणायचे, "एक पाव पाव, बे पाव अर्धा." मुलांच्या मागोमाग मीही म्हणायची. ते शनिवार अजून आठवतात.

पुढे माझी राळेगावकडे बदली झाली. तिथं मी पहिल्या आठवड्यातच पालकांना बोलावलं, आणि मुलांच्या आधी काड्या त्यांच्या हाती दिल्या.