शिंगराची चंदी

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी नुकतीच वडनेर भोलजीत सून होऊन आले होते. आमच्या घरात कुणाला कमी वाढणं म्हणजे पाप. दारचा भिकारीसुद्धा दुसऱ्यांदा वाढल्याशिवाय उठत नसे. त्याच मायेनं सासऱ्यांनी घोडीचं शिंगरू वाढवलं होतं. दोन्ही वेळ तोंडाला बांधायचा तोबरा भरून हरभऱ्याची चंदी, वर गूळ, शिवाय सरकी. शिंगरू डोळ्यांदेखत भरत गेलं आणि गाव कौतुक करत गेलं. मग उन्हाळ्यात पुढच्या गुडघ्यांच्या वर सूज आली. पाय आत वळायला लागले.

सासऱ्यांनी सुजेवर तापल्या लोखंडाचा डाग द्यायचं ठरवलं. मी टांगेवाल्याची लेक, मला चैन पडेना. माहेरी मलकापूरला गेले तेव्हा जनावरांच्या डॉक्टरला गाठलं. ते म्हणाले, हाड जिथून वाढतं ती जागा कोवळी असते, एवढ्या अंगाचा भार तिला पेलवत नाही. चंदी बंद करा, गवतावर ठेवा, पळू देऊ नका, खुरं नीट तासून घ्या.

परत आले तर अंगणात लोखंड तापत होतं आणि चौघं जण शिंगराचे पाय बांधत होते. माझं डोकंच फिरलं. पदर सावरला आणि मध्ये जाऊन उभी राहिले.

"मामाजी, डाग द्याचा असंन तं आंधी माह्या हातावर द्या."

सासऱ्यांपुढे तोंड उघडायची रीत नव्हती. मी डॉक्टरचं सगळं बोलणं एका दमात सांगून टाकलं.

"म्हंजे त्याले उपाशी माराचं?" सासरे म्हणाले.

"गवत देऊ ना. चंदी नाई द्याची."

त्यांनी चौघांना शिंगराचे पाय सोडायला लावले. "पोळ्यापर्यंत पाह्यतो. मंग तुह्यं आयकनार नाई."

तोबरा मी खुंटीवरून काढला आणि माझ्या खोलीत नेऊन ठेवला.

मग गाव मागे लागलं. विहिरीवर बायका मला ऐकू जाईल असं बोलायच्या, "सून आली अन् मुक्या जनावराच्या तोंडचा घास गेला." सकाळी शिंगरू चंदीसाठी खिंकाळायचं, तेव्हा सासरे भरल्या ताटावरून उठायचे. मला वाईट वाटायचं, फार वाटायचं, पण मी बधले नाही. एकदा सासूबाई पदराखाली गुळाचा खडा लपवून गोठ्याकडे निघाल्या. मी मागोमाग जाऊन तो मागून घेतला आणि त्यांच्यासमोरच खाऊन टाकला. त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

पोळा आला. शिंगराच्या फासळ्या दिसत होत्या. बैल सजवायचे सोडून सासरे त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि गुडघे चाचपत राहिले. सूज उतरली होती. उजवा पाय सरळ, डावा अजून जरासा आत. त्यांनी त्याला अंगणभर चालवलं आणि पुन्हा चाचपलं. डागणाऱ्याला बोलावणं गेलं नाही.

संध्याकाळी बैल ओवाळून झाल्यावर माझ्या दाराबाहेर खाकरणं ऐकू आलं. सासरा सुनेच्या खोलीकडे कधी फिरकत नसे. ते पाठमोरे उभे होते.

"चंदी कवापासून सुरू कराची?"

"म्या सांगीन तवा," मी म्हटलं, आणि तोबरा काही बाहेर काढला नाही.