शकुन सिस्टरच्या नावाची नोंद

"बीपी एकशे वीस, ऐंशी. पायांवर सूज नाही. गृहभेट झाली." जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी स्क्रीनवरची नोंद मोठ्याने वाचली आणि शकुन सिस्टरकडे पाहिलं. "लॉगिन तुमचंच ना?"

"माझंच आहे जी. पण मी त्या दिवशी रजेवर होती. बांधीत धानाची रोवणी चालू होती आमची."

"मग बांधीतून नोंद केली का?"

ही नोंद ललिता नावाच्या गरोदर बाईची होती. नोंदीनंतर चौथ्या दिवशी तिला घरीच झटके आले. ती वाचली. बाळ वाचलं नाही.

मुलांनो, मी तेव्हा गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राची डॉक्टर होते. प्रत्येक गरोदर बाईची माहिती कॉम्प्युटरवर भरायची पद्धत नुकतीच सुरू झाली होती. पाच सिस्टर आणि मशीन एकच. प्रत्येकीचं लॉगिन वेगळं, म्हणजे स्वतःचं नाव आणि पासवर्ड. त्यातून केलेली नोंद ही तिची सही. भेट बाकी असलेल्या बाईची ओळ यादीत लाल दिसे. भेट भरली की हिरवी.

पाचही जणींनी पासवर्ड चिठ्ठ्यांवर लिहून मॉनिटरला चिकटवले होते. मला तो गबाळेपणा बघवेना. मीच चिठ्ठ्या फाडल्या आणि डेटा एन्ट्री ऑपरेटर कटरेला म्हटलं, "पासवर्ड लक्षात ठेवू का, असं मशीन विचारतं ना? हो म्हण." टेबल स्वच्छ झालं. त्यानंतर नावाचं पहिलं अक्षर टाइप केलं की पासवर्ड आपोआप भरला जाई. समोर कोणीही बसलेलं असो.

धानाच्या रोवणीत आमचं अर्धं ऑफिस शेतात असे. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, एकदा उपटले की काम थांबवता येत नाही. मागे राहिलेल्यांनी गेलेल्यांचे रकाने भरून ठेवायचे, ही रीत कॉम्प्युटर येण्याच्या आधीची. कागदाच्या रजिस्टरवर निदान अक्षर वेगळं दिसायचं. यात कोणालाच काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही.

शकुन सिस्टर आठ दिवसांच्या रजेवर गेली. ललिताच्या पायांवर थोडी सूज होती, ती बीपी वाढल्याची खूण असू शकते, म्हणून जाताना ती बदलीच्या सिस्टरला सांगून गेली, "लाल ओळी बघून जाजो." बदलीच्या सिस्टरने यादी उघडली, तेव्हा सगळ्या ओळी हिरव्या होत्या. शकुनच जाऊन आली असेल, असं समजून ती गेली नाही.

साहेबांची जीप फाटकाबाहेर पडायच्या आत कटरे माझ्या खोलीत आला.

"मॅडम, मीच भरलं जी."

"का?"

"महिन्याचा रिपोर्ट जाऊन राहिला होता. लाल दिसलं की वरून फोन येते. सिस्टर तर कधी चुकत नाही. वाटलं, गेलीच असंल."

"आणि बीपी?"

"सगळ्यांचं टाकतो, तेच टाकलं."

मी धावत जाऊन जीप थांबवली. कटरेने काय केलं आणि पासवर्ड मशीनमध्ये ठेवायला कोणी सांगितलं, दोन्ही सांगितलं.

"लेखी द्याल?"

"देते."

मी तिथेच लिहून दिलं. साहेबांनी शांतपणे वाचलं. "पण लॉगिन कोणाचं, मॅडम?"

"शकुनचं."

"मग उत्तर तिलाच द्यावं लागेल. तुमचं पत्र फाइलला लावतो."

शकुन सिस्टर निलंबित झाली. चौकशीनंतर तिला परत घेतलं, पण बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. कटरेचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. मला एक मेमो मिळाला. सगळ्यांत कमी मला.

निरोपाला सिस्टर आली. माझे डोळे भरून आले, तर म्हणाली, "आता कायले रडता? एकदा ललिताच्या घरी जाऊन या. मले तर ते दारात उभं नाही करत."

मी गेले. सासूने खाट टाकली, पाणी दिलं. ललिता आतून बाहेर आली नाही. सासूने एवढंच विचारलं, "सिस्टर घरी आली नाही, त मशीनमंदी कशी आली?"

मी पासवर्ड म्हणजे काय ते सांगू लागले आणि अर्ध्यावरच थांबले.

त्याच आठवड्यात मशीनमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड मी स्वतः पुसले. लक्षात ठेवू का, असं मशीन पुन्हा विचारणारच नाही, अशी सेटिंग केली. खुर्चीवरून उठताना लॉगआउट करायचं, आणि जिची नोंद तिनेच करायची. सिस्टर कुरकुरल्या. रांग लागू लागली. नव्या ऑपरेटरने तोंडावर सांगितलं, "मॅडम, असं तर काम होऊनच नाही राहिलं."

पुढच्या रोवणीत जिल्ह्याहून फोन आला. "मॅडम, तुमचंच सेंटर इतकं लाल का दिसतंय?"

"कारण तिथे कोणी गेलेलं नाही, सर. माणूस द्या."

माणूस मिळाला नाही. मी यादी छापून घेतली आणि ओपीडी संपल्यावर केंद्राच्या जीपने स्वतःच निघाले. चौथ्या घरातल्या बाईच्या पायांवर सूज होती. तिला त्याच जीपमध्ये घालून आणलं. त्या ओळीत मी माझ्या नावाने नोंद केली.

ललिता पुन्हा आमच्या केंद्रात कधी आली नाही.

तुम्ही दोघंही आता अशा ऑफिसात बसता, जिथे आज एकाची खुर्ची उद्या दुसऱ्याची असते. मशीन विचारेल, लक्षात ठेवू का? नाही म्हणा. दोन मिनिटं जास्त लागतील, तेवढी लागू द्या.