मार्करची इशरत

रत्नागिरीच्या मांडवीत गुलाम रसूलला सगळे मार्करच म्हणत. किल्ल्याच्या वाटेवर साहेबांच्या वेळचा एक क्लब होता, तिथल्या बिलियर्डच्या टेबलावर तो नोकरीला होता. खेळणाऱ्यांचे गुण पुकारायचे, बॉल पुन्हा मांडायचे, टेबलावरची हिरवी बनात, म्हणजे वर ताणून बसवलेलं लोकरी कापड, ब्रशाने झाडायची आणि दमट हवेत तिच्यावरून इस्त्री फिरवायची, हे त्याचं काम. साहेब गेले तसे वकील, मामलेदार आणि दोन-चार आंब्याचे व्यापारी क्लबात येऊ लागले. त्यांना बिलियर्डपेक्षा स्नूकरचा नाद अधिक. टेबल तेच राहिलं, मार्करही तोच राहिला.

इशरत त्याची मुलगी. ती पंधरा-सोळा वर्षांची असताना बापाची नजर अधू होऊ लागली. आधी कडेकडेने अंधार आला, मग तो आत सरकू लागला. सिव्हिल सर्जननी डोळे तपासले आणि गेलेली नजर परत यायची नाही, असं स्पष्ट सांगितलं. पण क्लबात ते बोलले नाहीत. गुलाम रसूलही बोलला नाही. दुपारचा डबा घेऊन आलेली इशरत मग संध्याकाळपर्यंत तिथेच थांबू लागली. पॉकेटांच्या जाळीतले बॉल काढून देण्याच्या निमित्ताने ती बापाच्या जवळ उभी राही आणि हळूच सांगे, "निळा मधोमध, गुलाबी कडेच्या कुशनला चिकटलाय, काळ्याला वाट नाही." तेवढ्यावर तो गुण पुकारी. कोणाला फारसा संशय आला नाही.

दुसऱ्यासाठी टेबल बघता बघता तिला ते स्वतःला दिसू लागलं. सकाळी क्लब उघडायच्या आधी बनात झाडून झाली की बापच तिच्या हातात क्यू देई. तो टेबलाला टेकून उभा राही आणि नुसत्या आवाजावरून सांगे, काठी बॉलच्या मधोमध लागली की बाजूला सरकली. तिची आई सकिना यावर खूप चिडे. मुलीचं लग्न व्हायचंय, उद्या कोण दारात उभं करील, असं म्हणून ती रडेसुद्धा. गुलाम रसूल ऐकून घेई आणि दुसऱ्या दिवशी मुलीला परत घेऊन जाई.

सिव्हिल सर्जनची बायको यमुनाबाई स्वतः खेळायची. क्लबात खेळणारी ती एकटीच बाई, त्यामुळे तिला जोडीदार नसे. तिने एकदा इशरतला टेबलावर बोलावलं आणि हरली. दुसऱ्या दिवशी परत बोलावलं आणि परत हरली. चिडायच्या ऐवजी तिने मुंबईला पत्र टाकलं. तिथल्या एका मोठ्या क्लबात दर डिसेंबरात बायकांची स्नूकरची स्पर्धा होई. त्रेपन्न साली यमुनाबाई इशरतला आगबोटीने घेऊन गेली आणि इशरत कप घेऊन परत आली.

वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. डोक्यावर पदर, हातात कप, तोंडावर हसू नाही. पुढच्या दोन्ही वर्षी ती पुन्हा जिंकली. क्लबाने सत्कार केला, तिला पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं, भाषणं झाली. कप क्लबाच्या काचेच्या कपाटात ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ब्रश घेऊन बनात झाडायला हजर होती. तेव्हा त्यात तिला काही वाईट वाटलं नाही. टेबल मिळत होतं, तेवढं तिला पुरत होतं.

छप्पन साली सर्जनची बदली झाली. यमुनाबाई जाताना इशरतला पोटाशी धरून म्हणाली की खेळ सोडू नकोस. आणि ती गेल्यावर दीडेक महिन्यातच गुलाम रसूलची गोष्ट उघडी पडली. त्या दिवशी इशरत तापाने पडली होती. त्याने एका व्यापाऱ्याचे गुण दुसऱ्याच्या नावावर पुकारले, मग बॉल मांडताना चाचपडू लागला आणि मांडलेल्या बॉलवरच त्याचा हात पडून सगळे विखुरले. त्याला घरी बसवण्यात आलं. नवा मार्कर आला आणि बापाबरोबर मुलीचंही क्लबात येणं बंद झालं.

क्लबाचे सेक्रेटरी एक वकील होते. माणूस दुष्ट नव्हता, पण त्यांना नियम मोडायची भीती वाटे. इशरत त्यांच्या घरी गेली आणि अंगणातच उभी राहिली. सकाळी कोणी यायच्या आत खेळीन, बनात झाडून देईन, इस्त्री करून देईन, बदल्यात काही नको, असं तिने विनवलं. डिसेंबर जवळ आला होता.

सेक्रेटरी म्हणाले, "तुझा बाप नोकर होता तोवर तू त्याच्या मदतीला येत होतीस. आता कोणत्या नात्याने येणार? तू सभासद नाहीस."

"मग सभासद करून घ्या."

सेक्रेटरी उठून आत गेले. मार्करच्या मुलीला सभासद करून घेणं कमिटीच्या गळी उतरायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तसं तोंडावर सांगवतही नव्हतं. ती आणखी दोनदा त्यांच्याकडे गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी आतूनच निरोप पाठवला की घरी नाहीत. त्यांच्या चपला पायरीवरच होत्या.

गावात दुसरं टेबल नव्हतं. रत्नागिरीतच नव्हे, थेट कोल्हापूरपर्यंत ती कोणाच्या टेबलाला हात लावू शकेल अशी जागा नव्हती. मग तिने मागच्या पडवीची जमीन चोपून, सारवून गुळगुळीत केली, कडेने फळ्या लावल्या आणि उंडीची वाळलेली फळं बॉल म्हणून घेतली. आमच्या किनाऱ्यावर उंडीची झाडं भरपूर, फळं गोल आणि टणक. पण उंडी ती उंडी. कुठे फुगीर, कुठे चपटी, सरळ म्हणून जायची नाही. इशरत जमिनीवर उपडी पडून काठीने तासन् तास मारत राही आणि गुलाम रसूल भिंतीला टेकून कान देऊन ऐके. आम्ही शेजारचे कुंपणावरून बघायचो. सुरुवातीला हसायचो. पुढे हसणं बंद झालं, कारण तिच्या कोपरांची सालं गेली होती आणि तरी ती थांबत नव्हती. एकदा सकिनाने सगळ्या उंड्या उचलून परसात फेकल्या. इशरतने त्या वेचून आणल्या आणि पुन्हा मांडल्या. त्यानंतर सकिनाने तिला अडवलं नाही.

डिसेंबरात बाप-लेक दोघेच मुंबईला निघाली. होडीतून आगबोटीवर चढताना तिने त्याचा हात धरला होता आणि तो मात्र तिलाच सांभाळून चढ म्हणून सांगत होता.

सुरुवातीचे सामने ती जुन्या सवयीवर जिंकली. पण बनातीवर बॉल किती धावेल याचा अंदाज तिच्या हातातून गेला होता. बॉल पॉकेटात जाई आणि ज्याने फटका मारायचा तो पांढरा मात्र भलतीकडेच जाऊन थांबे. अंतिम सामना कलकत्त्याच्या एका बाईशी होता. शेवटच्या डावात सगळे बॉल संपून काळा उरला. जी तो पॉकेटात घालील ती जिंकणार होती. पाळी इशरतची होती आणि फटका सोपा होता. असे फटके तिने पाठ फिरवून मारले असते, असं यमुनाबाई म्हणायची.

काळा पॉकेटाच्या ओठावर आदळला आणि तिथेच थांबला. कलकत्त्याची बाई पुढे आली आणि तिने तो अलगद आत ढकलला. टाळ्या झाल्या.

गुलाम रसूल मागच्या खुर्चीवर होता. त्याला बॉल जाळीत पडल्याचा आवाज आला आणि टाळ्या ऐकू आल्या. बक्षिसं इंग्रजीत पुकारली गेली, त्या गलक्यात त्याला काही उमगलं नाही. इशरत जवळ आल्यावर त्याने विचारलं, "गेला ना गो काळा?"

"गेला, अब्बा," ती म्हणाली.

त्याने तिचं डोकं हातांनी चाचपलं आणि कपाळाचा मुका घेतला. परतीच्या बोटीवर त्याने भेटेल त्याला सांगितलं की माझी मुलगी चौथ्यांदा जिंकली. कप तिच्या सामानात असेल, असं त्याने धरलं होतं. लोक त्याला शाबासकी देत होते. इशरत कठड्याशी उभी राहून पाण्याकडे बघत होती. आता सांगू, मग सांगू, असं करत जयगड मागे पडलं आणि रत्नागिरीचं बंदर आलं तरी तिच्याच्याने सांगवलं नाही.

ती सामान घेऊन घरी पोचली. तो मात्र वाटेतच वळला. कोणा ओळखीच्याचा हात धरून तो तडक क्लबात गेला आणि सेक्रेटरींसमोर उभा राहिला. चौथा कप आणलाय पोरीने, आता तरी तिला टेबल द्या, असं त्याने सगळ्यांसमोर मागितलं. सेक्रेटरींनी सकाळीच वर्तमानपत्र वाचलं होतं. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवून खरं ते सांगितलं.

क्लबाच्या शिपायाने त्याला घरी आणून सोडलं. तो ओटीवर बसला. मग म्हणाला, "मला तरी सांगायचं होतंस गो. मी काय रागावलो असतो?"

"तुमच्यासाठी नाही लपवलं, अब्बा," इशरत म्हणाली. "घरी पोचेपर्यंत तरी मी जिंकलेय असं कोणीतरी समजावं, असं मला वाटलं."

सकिना आतून आली, तिने मुलीला जवळ घेतलं, तेव्हा कुठे इशरत रडली. त्या रडण्याचा आवाज आमच्या घरापर्यंत येत होता आणि आमच्यातल्या कोणालाच तिकडे जावंसं वाटलं नाही.

पावसाळ्याआधी तिचं लग्न झालं. नवरा मजीद जयगडचा, मालाच्या गलबतावर खलाशांचा तांडेल होता, स्वभावाने बरा. त्या घरात स्नूकर म्हणजे काय ते कोणाला माहीत नव्हतं आणि तिनेही कधी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी गुलाम रसूल वारला.

एकोणसाठ साली क्लबात नवी कमिटी आली. नव्या सेक्रेटरींनी कपाटातले कप पाहिले, चौकशी केली आणि सकिनाकडे निरोप धाडला की मुलगी माहेरी येईल तेव्हा सकाळच्या वेळी खुशाल खेळू दे. इशरत महिन्याभराने आली. कडेवरचं मूल आईकडे देऊन ती क्लबात गेली. दार उघडं होतं, टेबल पुसलेलं होतं, बॉल मांडून ठेवलेले होते.

तिने क्यू उचलला. पहिला फटका चुकला, दुसराही चुकला. वाकलं की कंबर दुखत होती. एक लाल, तोही पॉकेटाच्या तोंडाशी असलेला, तिने परत परत मांडून मारला. ऊन खिडकीतून टेबलावर आलं तरी तो आत गेला नाही. मार्कर बाजूला उभा होता. तो अदबीने म्हणाला की सवय मोडली असेल, रोज या, हळूहळू येईल.

"उद्या जयगडला जायचंय," ती म्हणाली.

तिने बॉल गोळा करून जाग्यावर लावले आणि क्यूच्या टोकाला लावायच्या खडूचा बनातीवर पडलेला भुगा ब्रशाने झाडला. नव्या मार्करने ब्रश मागितला, पण तिने तो दिला नाही. सबंध टेबल झाडून झाल्यावरच ती बाहेर पडली.