आवाजाचं कुलूप

दिवाळीत आमच्या ह्यांनी घरात एक बोलका डबा आणला. सांगाल त्याला फोन जोडतो, सांगाल ती आठवण ठेवतो, आणि वर त्याला आवाजाचं कुलूप. "तुझ्या गोष्टी फक्त तुझाच आवाज ओळखून सांगणार. मलाही नाही सांगणार," हे म्हणाले. नवऱ्यापासून लपवायची सोय नवऱ्यानंच करून दिली म्हटल्यावर मी भारावलेच.

ओळख पटवण्यासाठी डब्यानं माझ्याकडून तीच तीच वाक्यं वदवून घेतली. मध्येच "जरा हळू बोला" म्हणाला. कोल्हापुरात हे मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.

एवढा बंदोबस्त झाल्यावर मी गुपितं ठेवायला लागले. सगळ्यात मोठं लेकीचं. ती कॉलेजात शिकवते आणि लग्नाचा विषय निघाला की ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जाते. म्हणून कोडोलीच्या एका स्थळाशी मी परस्पर बोलणी चालवली होती. डब्याला सांगून ठेवलं, "शनिवारी कोडोलीला फोन करायचा. रविवारी मंडळी मुलगी बघायला येणार. तिला सांगायचं नाही."

आता माझा आणि लेकीचा आवाज एकच आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. माझी सख्खी बहीणसुद्धा फोनवर फसते. शनिवारी सकाळी मी भाजी आणायला गेले असताना लेकीनं डब्याला सहज विचारलं, "आज काय काय आहे?" त्यानं आवाज तपासला, खात्री करून घेतली आणि अदबीनं सगळं सांगितलं. 'तिला सांगायचं नाही' हेसुद्धा.

मी घरी आले तेव्हा ती पेपर तपासत बसली होती. दुपारी मी कोडोलीला फोन लावला. मुलाची आई म्हणाली, "अवो, सकाळी तुम्हीच फोन केलासा की. पोरीच्या मनात न्हाय, येऊ नगा म्हणालासा. आता परत या म्हणताय व्हय?"

काय सांगणार? "व्हय, मीच केलता," म्हणून फोन ठेवला आणि लेकीकडे गेले.

"माझ्या आवाजात बोलताना काही वाटलं नाही तुला?"

"मी माझ्याच आवाजात बोलले," ती मान वर न करता म्हणाली. "कोण बोलतंय, त्यांनी विचारलं नाही. आणि आई, मला विचारायचं सोडून तू डब्याला सांगत बसलीस?"

मी दोघींसाठी चहा टाकला. चहा घेताना तिनं सांगितलं, लग्न करायचंय, पण पाहुण्यांपुढे बसून स्वतःला दाखवून घ्यायचं नाही. मी डब्यासारखं सगळं नीट ऐकून घेतलं.

ह्यांनी मात्र हार मानली नाही. डब्याला आता आकडी पासवर्ड लावलाय. तो तोंडानंच सांगावा लागतो, त्यामुळे शेजारच्या काकूंनाही पाठ झालाय.